गॅस्ट्रायटिसचं पथ्य: शाळूच्या भाकरीवर आणि कण्यांवर पोट खरंच बरं होतं का?

कृष्णाकाठ (पलूस)

नमस्कार मंडळी. पित्तावर इथे बरेच धागे आहेत, पण बहुतेक ठिकाणी अमुक चूर्ण घ्या, तमुक पाणी प्या एवढ्यावरच चर्चा थांबते. जठराच्या सुजेतून (गॅस्ट्रायटिसमधून) बाहेर पडताना मला जे कळलं ते सविस्तर लिहावं म्हणून हा धागा काढतोय. आपल्या सांगली-साताऱ्याकडचं जेवण आणि आपल्या सवयी धरून लिहितोय, कारण शोधायला गेलं की ओट्स, ब्रोकोली आणि बदामाचं दूध समोर येतं. शेतावरच्या घरात ते रोज कोण करणार?

मला त्रास असा होता: बरगड्या जिथे मिळतात त्याच्या खाली कुरतडल्यासारखं दुखायचं, चार घास खाल्ले की पोट टम्म, पहाटे मळमळ. सगळे म्हणायचे, पित्त आहे, उलटी काढ, मोकळं वाटेल. शेवटी मिरजेत दुर्बिणीनं तपासणी केली. जठराच्या खालच्या भागात अस्तर लाल झालेलं, बारीक चट्टे, जंतूची तपासणी निगेटिव्ह. रिपोर्ट बघून डॉक्टरांनी पहिलं विचारलं, "अंगदुखीची कुठली गोळी चालू आहे?" कंबरेसाठी डायक्लोफेनॅक चालू होती.

हे नीट समजून घ्या, कारण आपल्याकडे दर दुसऱ्या घरात गुडघे-कंबरेच्या गोळ्या आहेत. जठरातलं आम्ल इतकं कडक असतं की अस्तरावर चिकट श्लेष्म्याचा थर नसेल तर ते स्वतःचंच जठर जाळेल. तो थर राखायला शरीर प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन बनवतं. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन या गोळ्या नेमकं तेच रसायन कमी करतात. दुखणं थांबतं ते त्यामुळेच आणि अस्तर उघडं पडतं तेही त्यामुळेच. म्हणून "जेवून घेतली की चालते" हे पूर्ण खरं नाही. गोळी रक्तातून काम करते. इंजेक्शन घेतलं तरी जठरावर परिणाम होतोच.

गोळी बंद झाली, कंबरेला फिजिओथेरपी लावली आणि आम्ल कमी करणारं औषध काही आठवडे दिलं. ते सकाळी नाष्ट्याच्या अर्धा तास आधी घ्यायचं असतं. जेवणानंतर घेतलं की निम्मं काम वाया जातं. मग आहार. आहारानं मला फार फरक पडला, पण कारण दूर झाल्यावर पडला. एवढ्या एका गोष्टीसाठी मी हा धागा काढलाय. सूज कशामुळे आली ते न शोधता नुसतं पथ्य करत राहणं म्हणजे खरचटलेला गुडघा रोज त्याच दगडावर घासायचा आणि वरून हळद लावायची.

आता ताटाकडे येतो. सुरुवातीला माझा मुख्य आधार होता शाळूच्या कण्या. आमच्या आईची पद्धत सांगतो. शाळू जाडसर भरडायचा, पाखडून पीठ वेगळं काढायचं, राहतील त्या कण्या धुऊन अर्धा तास भिजवायच्या. पातेल्यात पाचपट पाणी उकळून मीठ घालायचं, कण्या सोडायच्या आणि आच मंद करायची. मधूनमधून तळापासून हलवायचं, नाहीतर लागतात. कणी दोन बोटांत दाबल्यावर मध्ये टणक लागली नाही की झाल्या. खाली उतरवून कोमट झाल्यावर त्याच दिवशी लागलेल्या दह्याचं ताक घालायचं. गरम कण्यांत ताक घातलं तर फुटतं. वरून तूप-जिऱ्याची फोडणी, मिरची नाही. वाटीभर पोटात गेलं की दोन-अडीच तास कुरकुर नाही.

त्याच्या जोडीला मऊ भात आणि मुगाचं कढण, दुधी, दोडका, घोसाळं, लाल भोपळा, पिकलेलं केळं. भाकरी चालली, पण पातळ आणि ताजी, आमटीत कुस्करून. आमटी कांदा-लसूण मसाल्याशिवाय, नुसती हळद, जिरं, कोथिंबीर. आमच्याकडे ही आजाऱ्याची आमटी म्हणून ओळखली जाते. खरं सांगतो, महिनाभरानं त्या आमटीला तुरीच्या डाळीची स्वतःची चव असते हे कळलं.

बंद काय केलं: उठल्या उठल्या रिकाम्या पोटी चहा, रात्री उशिरा जेवून लगेच आडवं होणं, तळलेलं, मिसळीचा कट, खर्डा आणि बाहेरचा लालभडक रस्सा. दारू मी घेत नाही, पण जे घेतात त्यांनी पहिली तीच बंद करावी, ती अस्तराला थेट इजा करते. तिखटाबद्दल एक खुलासा. मिरचीनं गॅस्ट्रायटिस होतो असं नाही, पण अस्तर सोललेलं असताना ती झोंबते आणि त्रास वाढवते. म्हणून ती काही काळापुरती बाजूला. कायमची नाही.

घरगुती उपायांतलं मला काय लागू पडलं ते प्रतिसादांत लिहितो. तुमचेही अनुभव येऊ द्या.


वाईची लेक

दादा, छान लिहिलंत. मला एका सवयीबद्दल लिहायचंय, तिच्यावर कुणी बोलत नाही, विशेषतः बायकांच्या बाबतीत. मिशरी.

आमच्या आत्ती, म्हणजे सासूबाई, कायम पोट धरून बसायच्या. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटून डबीत भरायची आणि पहाटे चूल पेटवायच्या आधी उंबऱ्यावर बसून बोटानं हिरड्यांवर घासत राहायचं. अर्धा तास तरी. रिकामं पोट, तोंडात तंबाखू, त्यातली निम्मी थुंकी पोटात. दुपारी जेवणानंतर पुन्हा. त्या कधी "मी तंबाखू खाते" म्हणणार नाहीत, कारण त्यांच्या लेखी ते दात घासणं आहे. म्हणून डॉक्टरांनी "तंबाखू खाता का" विचारल्यावर त्यांनी "नाही" म्हणून सांगितलं, आणि ते त्यांच्या मनानं खरंच होतं. मीच मध्ये बोलले.

सगळ्यांना विनंती, घरातल्या आजी, आई, मावशीला दवाखान्यात नेताना मिशरीचं वेगळं सांगा. सोडवायला वेळ लागतो. दात घासल्यासारखं वाटायची सवय असते, म्हणून आम्ही आत्तींना त्या वेळेला बडीशेप आणि भाजलेला ओवा चघळायला दिला. आधी दुपारची सुटली, सकाळची बऱ्याच उशिरा.


तासगावचा रानकरी

माझा प्रॉब्लेम वेळेचा आहे. कृषिपंपाची लाईट आठवड्यातून काही दिवस रात्रीची असते. द्राक्षाला पाणी द्यायला मध्यरात्री उठायचं, पहाटे येऊन दोन कप चहा आणि खारी, मग झोप, मग थेट दुपारी जेवण. वेळेवर खा म्हणतात सगळे. आम्ही कसं खायचं?


कृष्णाकाठ (पलूस)

भाऊ, तुमचं म्हणणं पटतं. घड्याळाप्रमाणे खाणं जमणार नसेल तर एवढं धरा की पोट चार-पाच तासांपेक्षा जास्त रिकामं नको आणि ठासून भरलेलंही नको. रानात जाताना साळीच्या लाह्या किंवा राजगिऱ्याचा लाडू आणि एक केळं सोबत ठेवा. पहाटे आल्यावर चहाच्या आधी निम्मी भाकरी दुधात कुस्करून खा, चहा नंतर, तोही एकच कप. आणि खाल्ल्यावर लगेच आडवे होऊ नका. जनावरांचं बघा, अंगण झाडा, तासभर तरी जाऊ दे. उशाकडची बाजू विटा लावून थोडी वर केली तर आंबट पाणी घशाशी येणं कमी होतं.

तुमच्याकडे बेदाणा घरचाच असेल. रात्री भिजवून सकाळी खायला चांगला. पण बाजारचा पिवळा बेदाणा गंधकाची धुरी दिलेला असतो, तो आधी दोन-तीन पाण्यांनी धुवा.


मिरजेची मैत्रीण

माझा अनुभव दादांच्या उलट आहे, म्हणून लिहितेय. मी दोन-अडीच वर्षं फक्त पथ्य आणि घरगुती उपायांवर होते. कोहळ्याचा रस, धन्याचं पाणी, ज्येष्ठमध, सगळं शिस्तीत केलं. आठ दिवस बरं वाटायचं, पुन्हा तेच. तपासणीत हेलिकोबॅक्टर पायलोरी निघाला.

हा जंतू जठराच्या आम्लातही जगतो. स्वतःभोवती युरियापासून अमोनिया तयार करतो आणि आम्ल मारतो. ऑस्ट्रेलियातल्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी तो शोधला. त्या काळी जठरात जंतू राहूच शकत नाही, अल्सर हा काळजीचा आणि तिखटाचा आजार आहे असं मानलं जायचं. कुणी ऐकेना म्हणून मार्शल यांनी 1984 मध्ये जंतूंचं मिश्रण स्वतः प्यायलं आणि काही दिवसांत त्यांना गॅस्ट्रायटिस झाला. 2005 मध्ये दोघांना नोबेल मिळालं. ही गोष्ट वाचली तेव्हा मला फार धीर आला. इतकी वर्षं आपण काळजी करतो म्हणून दुखतं असं मी ऐकत आले होते.

आपल्या देशात निम्म्याहून जास्त मोठ्या माणसांच्या पोटात हा असतो, बहुतेकांना लहानपणीच लागलेला, आणि अनेकांना काहीच त्रास होत नाही. पण ज्यांना होतो त्यांनी कुठल्याही रसानं किंवा काढ्यानं तो जाईल या भरवशावर राहू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं 1994 पासून त्याला जठराच्या कॅन्सरच्या कारणांत धरलंय. मला दोन प्रतिजैविकं आणि आम्ल कमी करणारी गोळी असा चौदा दिवसांचा कोर्स दिला. तोंड कडू व्हायचं, पोट बिघडायचं, पण एकही डोस चुकवला नाही. मध्येच सोडला की जंतू औषधाला जुमानेनासा होतो आणि मग पुढचा कोर्स आणखी अवघड.


कृष्णाकाठ (पलूस)

मैत्रीण, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. माझं कारण गोळी, आत्तींची मिशरी, तुमचा जंतू. तिघांचं पोट एकाच जागी दुखत होतं, म्हणून उपचार एकच असं होत नाही.


हळदगल्ली (सांगली)

आमचा हळदीचा व्यापार, त्यामुळे हळदीचं बोलल्याशिवाय राहवत नाही. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हरिपूरची हळद साठवायची जमिनीतली पेवं बऱ्याच जणांना ठाऊक असतील, 2005 च्या पुरात त्यातली कितीतरी गेली. आमच्या आजोबांचा पोटदुखीवर एकच उपाय, कोमट दुधात हळद. तो कितपत खरा?


कराडचा फार्मासिस्ट

हळदीवर उत्तर देतो, कारण दुकानात हा प्रश्न वारंवार येतो. थायलंडमधल्या संशोधकांचा एक चांगला अभ्यास 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. वारंवार अपचन आणि वरच्या पोटात दुखणाऱ्या 206 लोकांचे तीन गट केले: एकाला कर्क्युमिन (हळदीतला मुख्य घटक), एकाला ओमेप्राझोल (आम्ल कमी करणारं औषध), एकाला दोन्ही. त्रास तिन्ही गटांत साधारण सारखाच कमी झाला. म्हणजे हळदीत काहीतरी आहे हे नक्की.

पण दोन गोष्टी लक्षात घ्या. त्या लोकांचा त्रास अपचनाचा होता, दुर्बिणीत दिसणाऱ्या सुजेचा किंवा जखमेचा नव्हता. आणि त्यांना दिवसाला दोन ग्रॅम कर्क्युमिनच्या कॅप्सूल होत्या. स्वयंपाकातल्या हळदीत कर्क्युमिन शंभरात तीनच्या आसपास असतं, तेव्हा दुधातली चिमूट त्याच्या जवळपासही जात नाही. आमटीत हळद घाला, दुधात घाला, चांगलंच आहे. पण कॅप्सूल स्वतःच्या मनानं सुरू करू नका. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, पित्ताशयात खडे असतील किंवा यकृताचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

ज्येष्ठमध वर आलंय म्हणून सांगतो. घसा आणि पोट दोन्हींना ते खरंच शांत करतं, पण रोज बरेच दिवस घेतलं तर रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम कमी होतं. बीपीच्या माणसानं टाळावं. पित्तावरच्या अविपत्तिकर चूर्णात निशोत्तर असतं, ते रेचक आहे, म्हणून ते घेऊन पोट साफ झालं की माणसाला बरं वाटतं. वैद्यांनी प्रमाण ठरवून दिलं तर ठीक, रोज चमचा-चमचा स्वतःहून नको. खाण्याचा सोडा किंवा ईनो तात्पुरतं चालतं, पण त्यात सोडियम भरपूर.

आता सगळ्यात महत्त्वाचं. शौच डांबरासारखी काळी आणि चिकट झाली, उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काही आलं, गिळताना अडकायला लागलं, वजन विनाकारण उतरलं, सतत उलट्या, रक्त कमी झालं, किंवा पंचावन्न-साठीनंतर असा त्रास पहिल्यांदाच सुरू झाला, तर घरगुती काही करत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. लोहाच्या गोळीनंही शौच काळी होते, पण ते ठरवायचं काम डॉक्टरांचं. आणि छातीत दाब, घाम, डावा हात किंवा जबडा दुखणं, चालताना वाढणारी जळजळ हे पित्त समजून सोडा पिऊन झोपू नका. साखरेच्या रुग्णांत आणि बायकांत हार्टअटॅक कधीकधी नुसत्या पोटाच्या जळजळीसारखा येतो. काउंटरवर मी जेलुसिलची बाटली मागणाऱ्यांना दरदरून घाम आलेला पाहिलाय. त्यांना बाटली न देता ईसीजी काढायला पाठवलंय.


वाईची लेक

दूध प्यावं की नाही? आत्तींना थंड दूध प्यायलं की लगेच आराम पडतो, पण तासाभरानं पुन्हा जळजळ.


कराडचा फार्मासिस्ट

ताई, तुम्ही जे पाहिलंत तेच होतं. दूध काही वेळ आम्ल शमवतं, पण त्यातलं कॅल्शियम आणि प्रथिनं जठराला पुन्हा आम्ल सोडायला लावतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत सिपी नावाच्या डॉक्टरांनी अल्सरच्या रुग्णांना तासातासाला दूध-साय देण्याची पद्धत आणली होती. ती कित्येक दशकं चालली आणि नंतर मागे पडली. दूध जेवणासोबत, भाकरीत, खिरीत चालेल. औषध म्हणून पुन्हापुन्हा नको.


फलटणची सून

आमच्याकडे उपवास फार. संकष्टी, एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्र. पालखी येते तेव्हा तर घर भरलेलं असतं. उपवासाच्या दुसऱ्या दिवशी माझं पोट हमखास बिघडतं. उपवास सोडायला मन तयार होत नाही.


कृष्णाकाठ (पलूस)

वैनी, सोडू नका, बदला. पोट बिघडतं ते बहुतेक साबुदाणा, शेंगदाण्याचं कूट, हिरवी मिरची आणि दिवसभर नुसता चहा यामुळे. कुटातलं तेल जठरातून हळू पुढे सरकतं. त्याऐवजी वरीचा मऊ भात ताज्या ताकाबरोबर, राजगिऱ्याच्या लाह्या दुधात, लाल भोपळ्याची जिऱ्या-तुपातली भाजी, उकडलेलं रताळं, केळं. सकाळी काहीतरी खाऊनच चहा. निर्जळी मात्र अस्तर सुजलेलं असताना करू नका. माझ्या आईनं निर्जळी एकादशी बंद करून फलाहारावर आणली, तेव्हा गावातल्या एका कीर्तनकार बुवांनाच विचारलं होतं. ते म्हणाले, आजाऱ्याला सूट आहे.

घरगुती उपायांचं लिहायचं राहिलं होतं. साळीच्या लाह्या पाण्यात भिजवून गाळलेलं पाणी, चिमूट मीठ घालून, मळमळीवर सगळ्यात चांगलं. धने-जिरं रात्री भिजवून सकाळी गाळून, ठीक वाटलं. कोहळ्याची भाजी चांगली, रस मला जड गेला. मोरावळा गोड असला तरी आंबटपणा असतोच, सुरुवातीला झोंबला, नंतर चालला. आल्यानं जळजळ वाढली. पुदिन्यानं ढेकर मोकळे झाले पण आंबट पाणी वर आलं. यातलं प्रत्येक प्रत्येकाला सारखं लागू पडेल असं नाही, म्हणून एका वेळी एकच नवीन गोष्ट सुरू करा आणि वहीत लिहून ठेवा. चार गोष्टी एकदम सुरू केल्या की कशानं बरं वाटलं ते कळत नाही.


तासगावचा रानकरी

गॅसची गोळी मी गेली काही वर्षं रोज घेतोय. बंद केली की दुप्पट जळजळ. म्हणजे जन्मभर घ्यायची का? आणि जंतूची तपासणी करायची तर दुर्बीणच लागते का?


कराडचा फार्मासिस्ट

एकदम बंद केली की काही आठवडे आम्ल उसळतं. ते आजार परत आल्याचं लक्षण असेलच असं नाही. डॉक्टरांना सांगून डोस निम्मा करा, मग एक दिवसाआड, असं हळूहळू उतरवता येतं. फार वर्षं घेतली असेल तर बी-12 आणि मॅग्नेशियमही तपासून घ्या. पण गुठळी होऊ नये म्हणून ॲस्पिरिन वगैरे चालू असेल तर ही गोळी पोटाच्या रक्षणासाठी दिलेली असते. ती तुम्ही थांबवायची नाही, आणि ॲस्पिरिनही स्वतःहून थांबवायची नाही.

तपासणीला दरवेळी दुर्बीण लागत नाही. श्वासाची तपासणी असते, शौचाचीही असते. त्याआधी आम्ल कमी करणारी गोळी दोन आठवडे आणि प्रतिजैविक चार आठवडे पोटात गेलेलं नको, नाहीतर जंतू असून निगेटिव्ह येतं. कोर्स संपल्यावरही चार आठवडे थांबून पुन्हा तपासा. बरं वाटतंय म्हणून बरेच जण ही दुसरी तपासणी करतच नाहीत.


मिरजेची मैत्रीण

मी केली. निगेटिव्ह आली. आता प्रश्न एकच, कांदा-लसूण चटणी परत कधी? घरात सगळे झणझणीत खातात आणि माझं पातेलं वेगळं.


कृष्णाकाठ (पलूस)

मी असं केलं: आधी चटणी कोरडी न खाता आमटीत शिजवून, अर्ध्या चमच्यापासून, आणि वरचा तेलाचा तवंग काढून. फक्त दुपारच्या जेवणात. रात्री नाही. चार-पाच दिवस काही झालं नाही की थोडी वाढवायची, जळजळ झाली की आठवडाभर पुन्हा कण्या-आमटी. भाकरीवर तेल-चटणी घेऊन खाणं सगळ्यात शेवटी. खर्डा मी अजून सुरू केलेला नाही. आणि वेगळं पातेलं ठेवण्यापेक्षा सगळ्यांचीच आमटी कमी तिखट करा आणि चटणी ताटात वरून वाढा. आमच्या घरी तसंच चालू आहे.